ऊन त्यांचे, दिवे आपले

पुण्यात वाळवंट नाही. तरीही सहारा, थर आणि कच्छच्या रणातल्या सौर-पवन प्रकल्पांवरचा लेखसंग्रह मराठीत, तोही पुण्यातून का निघावा, हा वाचकाचा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर महावितरणच्या खरेदीत सापडते. सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणने ६,६०० मेगावॉट विजेसाठी अदानी समूहाला इरादापत्र दिले. त्यातली ५,००० मेगावॉट सौर वीज कच्छमधल्या खावड्याहून यायची आहे. खावड्याचा प्रकल्प पाकिस्तानच्या सीमेलगत, सुमारे ७२,६०० हेक्टरांवर, नियोजित क्षमता ३० गिगावॉट. म्हणजे उद्या कोथरूडमधला पंखा, चाकणचा कारखाना आणि इंदापूरचा कृषिपंप ज्या विजेवर चालेल, तिचा काही भाग रणातून राज्याची हद्द ओलांडून आलेला असेल. वाळवंट आपल्या गावात नसले तरी आपल्या वीजबिलात आले आहे.

दुसरे उत्तर शंभर वर्षे जुने आहे आणि ते पुण्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर पाण्याखाली आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालू होते, भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले आणि तिसऱ्या केंद्रासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले. पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरणार, तिथे वीज तयार होणार, ती मुंबईला जाणार. देशावरचे पाणी, कोकणातले केंद्र, मुंबईतला दिवा. मावळातल्या बावन्न गावांच्या वाट्याला फक्त बुडीत. आंबेमोहोर पिकवणारी खाचरे १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली एका खासगी कंपनीसाठी घेतली गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी हा लढा अंगावर घेतला, तुरुंग भोगले, पण १९२४ पर्यंत तो विझला. भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. आज पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर काचेच्या इमारती दिवसभर गारठवल्या जातात. त्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते विजेच्या प्रकल्पापायीच सेनापती झाले, हे तिथल्या किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

मुळशीची गोष्ट आपण नेहमी शौर्याची म्हणून सांगतो. तिच्यातला या पुस्तकाला उपयोगी भाग वेगळा आहे. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहिला तेव्हा त्यांनी गावांच्या आतही डोकावून पाहिले. मुळशी पेट्यातल्या बऱ्याच जमिनी तोवर पुण्यातल्या सावकारांकडे गेल्या होत्या. कसणारा मावळा एक, कागदावरचा मालक दुसरा. मोबदल्याचे पैसे कागदाप्रमाणे मिळणार हे कळल्यावर सावकारांना तडजोड गोड वाटू लागली आणि लढ्याच्या मागचे पुणे दुभंगले. वाळवंटातल्या प्रकल्पांवर जगभर जे लिहिले जाते आहे, त्यातला मध्यवर्ती पेच हाच आहे. जमीन वापरणारा एक, नोंदीतला धनी दुसरा आणि विजेचा उपभोक्ता तिसऱ्याच मुलखात. आपल्याकडे हा पेच १९२१ मध्ये मांडून झाला होता.

याचा अर्थ मराठी परंपरा विजेच्या विरोधात होती असा मात्र कुणी घेऊ नये. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. वीज मुबलक आणि स्वस्त असल्याखेरीज उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांखेरीज शेतीवरचा माणसांचा भार हलका होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या पायाभरणीत त्यांचा वाटा होता. इकडे पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभाचा हिशेब मांडत होते. तो अहवाल १९४८ चा. प्रकल्पाचा फायदा कुणाला किती झाला हे शेतावर जाऊन मोजता येते, असा त्यामागचा आग्रह. लाभ मोजायचा तर तो कुणाच्या पदरात पडला हेही मोजा, ही पुण्याची जुनी सवय आहे. हा संग्रह त्या सवयीचाच आहे.

स्वातंत्र्यानंतर धरणे वाढली. कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न अर्धशतक उलटूनही संपलेले नाहीत, ही गोष्ट साताऱ्याच्या कुठल्याही मोर्चात ऐकायला मिळते. त्या अनुभवातून महाराष्ट्रात ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी उभी राहिली. बाबा आढावांसारखे पुण्याचे कार्यकर्ते तिच्या अग्रभागी होते. १९७६ मध्ये राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्या घोषणेतला ‘आधी’ फार मोलाचा होता. नुकसान झाल्यावर भरपाईवर घासाघीस करण्यापेक्षा आराखडा कागदावर असतानाच माणसांचा विचार झाला पाहिजे, हे त्यात आले. पण कायदा बुडीत क्षेत्रापुरता विचार करत होता. सौरपटलांखाली गाव बुडत नाही. घरे जागेवर राहतात, शाळा राहते, देऊळ राहते. जाते ते चरायचे रान, सरपण, पायवाट आणि मजुरी. त्यामुळे प्रकल्पग्रस्त या व्याख्येत बसणारा माणूसच सापडत नाही, आणि प्रकल्प ‘कुणालाही विस्थापित न करणारा’ म्हणून मिरवतो.

पवनचक्क्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आल्या त्या १९९० च्या दशकात. पाटण तालुक्यातले वनकुसवडे आणि साताऱ्याजवळची चाळकेवाडी ही नावे तेव्हा वर्तमानपत्रांतून कौतुकाने छापली जात. घसाऱ्यावरच्या करसवलतीमुळे ज्यांनी ते पठार कधी पाहिले नव्हते अशांनीही तिथे पैसा गुंतवला. पठारावरच्या जमिनी एजंटांमार्फत, शेतकऱ्याला पुढचा भाव कळायच्या आत हातोहात गेल्या. मग धुळ्याचा साक्री तालुका आला. ब्राह्मणवेलच्या डोंगरांवरचा पवनप्रकल्प ५२८ मेगावॉटचा. तिथे प्रश्न आणखी अवघड झाला, कारण २००६ च्या वन हक्क कायद्याने आदिवासींचे दावे नोंदवायला नुकतीच सुरुवात झाली होती आणि दावा निकाली निघण्याआधीच खांब उभे राहत होते. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या बाजूला, आंध्रा जलाशयाजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या आल्या, त्याची दखल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात घेतली. वन हक्कांची अंमलबजावणी झालेली नसताना दिलेली जंगलजमीन, रस्ते कापल्याने डोंगराची झालेली धूप, असे आक्षेप त्यात आहेत. हा जलाशय म्हणजे भिवपुरीच्या केंद्रासाठी टाटांनी बांधलेलाच. एकाच खोऱ्याने शंभर वर्षांत दोन वेळा दुसऱ्यांना वीज दिली. स्वच्छ ऊर्जा हे विशेषण दोन्ही वेळा खरेच होते.

सौर ऊर्जेबद्दल मराठी माणसाला पहिला मोठा धक्का जानेवारी २०१८ मध्ये बसला. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. वय ऐंशीच्या पुढे. दोंडाईच्याच्या वीजप्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली होती. संपादन सुरू झाले ते औष्णिक केंद्रासाठी, पुढे प्रकल्प सौर झाला. मोबदला मिळाला सुमारे चार लाख रुपये, शेजारच्याला त्याच्या कितीतरी पट. कोळशाऐवजी ऊन आले तरी पंचनामा करणारी यंत्रणा, विहिरीची आणि झाडांची नोंद घेणारा किंवा न घेणारा हात, मधला दलाल हे सगळे जिथल्या तिथे होते. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. ती पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून झाली असा तपासयंत्रणेचा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे. ज्या गावात ग्रामसभेला विचारून हिस्सा ठरलेला नसतो, तिथे हिस्सा कोण वसूल करतो, याचे इतके उघडे उदाहरण दुसरे नसेल.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उल्लेख केला नाही तर हे चित्र एकांगी होईल. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये विस्तारलेल्या या योजनेचा हेतू मला मनापासून पटतो. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, यासाठी उपकेंद्रांजवळ छोटे छोटे सौर प्रकल्प. वीज जिथे लागते तिथेच तयार होते. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, त्यात दरसाल तीन टक्के वाढ. रणातल्या अजस्र प्रकल्पाला हा खरा पर्याय आहे. पण याच योजनेसाठी गायरानेही दिली जातात, आणि मराठवाड्यात गायरान कसणारी बहुतेक कुटुंबे दलित आणि भूमिहीन आहेत. दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच जमिनींसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला, तरी अनेकांच्या नावावर सातबारा आजही नाही. सरकारी नकाशात ते गायरान मोकळे दिसते. त्यावर तीन पिढ्या ज्वारी पेरली जात असते.

आता वाळवंटाकडे. सहाराच्या उन्हावर युरोप चालवायचा हे स्वप्न जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेरहार्ड क्नीस यांच्याभोवतीच्या गटाने पाहिले. २००९ मध्ये त्याला ‘डेझर्टेक’ या नावाने उद्योगांचे पाठबळ मिळाले. सुमारे ४०० अब्ज युरो, २०५० पर्यंत युरोपच्या विजेच्या १५ टक्के, असे आकडे होते. २०१२ मध्ये सीमेन्स आणि बॉश बाहेर पडल्या आणि योजना मूळ रूपात मोडली. तिच्या अपयशाची कारणे बहुतेक अर्थतज्ज्ञ पटलांच्या घसरत्या किमतीत आणि समुद्राखालच्या तारांच्या खर्चात शोधतात. त्यात तथ्य आहे. उत्तर आफ्रिकेतले लेखक मात्र आधीपासून विचारत होते, की ज्या गावांत संध्याकाळी वीज जाते त्यांच्या माळावरून ती समुद्रापार का न्यायची? त्यांनी याला हरित वसाहतवाद म्हटले. ब्रिटनला मोरोक्कोहून समुद्राखालून वीज आणण्याची दुसरी मोठी योजनाही जून २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने पाठिंबा नाकारल्याने अडली.

मोरोक्कोतल्या वारझाझातच्या नूर प्रकल्पाची हकीकत आपल्याला ओळखीची वाटेल. ५८० मेगावॉटच्या या संकुलासाठी सुमारे तीन हजार हेक्टर जमीन लागली आणि ती अमाझिग जमातींची सामाईक चराई होती. सरकारी कागदात तिची किंमत चौरस मीटरला एक दिऱ्हम, कारण ती ओसाड ठरवली गेली होती. पैसे थेट लोकांच्या हाती न देता विकासकामांच्या निधीत गेले. आरसे धुवायला आणि केंद्र थंड ठेवायला पाणी धरणातून, तेही अवर्षणाच्या मुलखात. केनियातल्या तुर्काना सरोवराजवळच्या ३१० मेगावॉटच्या पवनप्रकल्पासाठी दीड लाख एकर सामाईक जमीन दिली गेली होती. २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने जमिनीचे ते कागद नियमबाह्य ठरवले. त्याच वर्षी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेनच्या पवनचक्क्यांमुळे सामी लोकांच्या रेनडिअर पाळण्याच्या सांस्कृतिक हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला. नॉर्वे वाळवंट नाही, श्रीमंत लोकशाही आहे. पण निकाल आला तेव्हा चक्क्या फिरत होत्या, आणि त्या फिरतच राहिल्या.

भारतात २०१४ च्या अखेरीस सौर पार्कची योजना आली आणि तेव्हा जोधपूर जिल्ह्यात असलेले भडला हे नाव जगाच्या नकाशावर गेले. सुमारे १४ हजार एकर, २,२४५ मेगावॉट. सौर पटलांच्या प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतून सूट असल्याने जनसुनावणीचा टप्पाच येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि खासगी प्रकल्पाला ८० टक्के संमती या अटी आहेत, पण सरकारी पडीक जमीन किंवा भाडेपट्टा म्हटले की त्या लागू होत नाहीत. दोन्ही दारे अशी कायदेशीरपणे बंद होतात. जैसलमेरचे ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, हे आपल्या देवराईचे भावंड. त्यातले पुष्कळसे महसुली दप्तरात पडीक म्हणून चढलेले. याच मुलखातला माळढोक पक्षी वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये वीजतारा जमिनीखाली घ्यायला सांगितले, मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल केला आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेत आहे असे म्हटले. निकाल महत्त्वाचा आहे. त्यावरच्या सगळ्या चर्चेत पक्षी होता, वीज होती, पृथ्वीचे तापमान होते. मेंढपाळ कुठे दिसला नाही.

तो मेंढपाळ आपल्याला परका नाही. दिवाळी झाली की माण-खटाव, फलटण, बारामतीकडचे धनगर मेंढरे घेऊन पश्चिमेला निघतात. पुण्याच्या आसपासच्या हमरस्त्यांवर घोडी, तिच्या पाठीवर कोंबड्या, बिऱ्हाड आणि एखादे पोर, मागे दोनशे मेंढरे हे दृश्य कुणी पाहिले नसेल असे नाही. रात्री शेतात जाळीची वाघर लावून मेंढरे बसवली जातात. लेंडीखत शेताला, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे धनगराला. सासवड, सुपे, इंदापूरचे माळ हे त्यांच्या वाटेवरचे मुक्काम. या माळांना सरकारदरबारी पडीक म्हणतात, आणि लांडगे, खोकडे, धाविक पक्षी असे सगळे या ‘पडीक’ जमिनीवर गुण्यागोविंदाने राहतात. प्रकल्पाचे तारेचे कुंपण पडले की वाट मोडते. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात या वाटेची नोंद नसते. मालकाला भाडे मिळते. ज्याच्या शेतात मेंढरे बसायची त्याचे खत जाते. धनगराचे सगळेच जाते. तिघांचे नुकसान वेगवेगळे, पण प्रकल्पाच्या अहवालात एकच शब्द: ‘शून्य विस्थापन’.

या विषयावर विचार करणाऱ्यांची घराणी किमान चार तरी आहेत. जाळ्याच्या अभियंत्यांचे घराणे म्हणते, सूर्य कुठे ना कुठे तळपतच असतो, देशोदेशींच्या तारा जोडा. ‘एक सूर्य, एक विश्व, एक ग्रिड’ ही कल्पना भारताने २०१८ मध्ये मांडली आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ब्रिटनच्या साथीने जाहीर केली. ती हवेतली नाही: भूतानची जलविद्युत आपण दशकानुदशके घेतो, २०१३ पासून बांगलादेशाला वीज देतो आणि २०२४ मध्ये नेपाळची वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोचली. या घराण्याचा हिशेब चोख असतो, फक्त त्यांच्या नकाशावर माणसे नसतात. दुसरे घराणे ऊर्जा न्यायाचे, गेल्या दशकात ब्रिटिश विद्यापीठांतून पुढे आलेले. ते तीन गोष्टी तपासते: लाभ-तोट्याची वाटणी, निर्णयातला सहभाग आणि कुणाचे अस्तित्व मानले गेले. नीटनेटकी चौकट आहे, प्रबंधांना फार सोयीची. तिसरे राजकीय पर्यावरणवाद्यांचे. निसर्गरक्षणाच्या नावाने होणारे जमीन बळकावणे त्यांनी २०१२ च्या सुमारास अभ्यासकांच्या चर्चेत आणले. ते सत्ता कुठे आहे हे अचूक दाखवतात, मात्र वीज मग कशी तयार करायची हे विचारले की बहुधा गप्प होतात. आणि कोळसा तर तयारच असतो. चंद्रपूरच्या राखेत राहणाऱ्याला हे गप्प बसणे परवडत नाही.

चौथे घराणे पुण्याचे आहे आणि त्याला परदेशी ग्रंथांत फार जागा मिळत नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रयास’ या संस्थेने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार आकडा-आकड्याने उलगडून दाखवला. गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवले ते असे, की अन्याय घोषणांत शोधण्यापेक्षा करारातल्या कलमांत शोधा, तिथे तो हमखास सापडतो. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला आणि जाहीर सुनावणीत सामान्य ग्राहकाला उभे राहून बोलता येऊ लागले. पुण्यातल्या ग्राहक संघटनांनी ती जागा चांगली वापरली. याच पुण्याने २००६ मध्ये भारनियमनमुक्तीचा प्रयोगही केला. उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची वीज घेऊन, ग्राहकांनी जादा आकार भरून शहरातले भारनियमन थांबले. त्याच वेळी ग्रामीण महाराष्ट्र दिवसाचे दहा-बारा तास अंधारात होता. पैसे मोजले, वीज घेतली, त्यात गैर ते काय, असे तेव्हा बहुतेक पुणेकरांना वाटले. आजही वाटते. रणातून वीज आणतानाचा युक्तिवाद याहून वेगळा नाही.

माझा मुद्दा इथे येतो. राज्याची किंवा देशाची सीमा वीज सहज ओलांडते, सुनावणी ओलांडत नाही. महावितरण खावड्याची वीज घेणार, तिच्या दरावर मुंबईतल्या आयोगापुढे पुण्याचा ग्राहक बोलू शकतो. कच्छच्या बन्नी माळावरचा मालधारी पशुपालक तिथे येऊन आमची गुरे कुठे जायची असे म्हणू शकत नाही, तो महावितरणचा ग्राहकच नाही. गुजरातच्या आयोगापुढे तो गेला, तर ही वीज गुजरातला विकली जात नसल्याने दराचा प्रश्नच तिथे उपस्थित होत नाही. पर्यावरणाच्या सुनावणीतून सूट आहेच. मधल्या तारेखाली ज्याचे शेत येते, त्याच्यावर तर १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार वापरता येतात. जमीन घेतली असे न म्हणताच मनोरा उभा राहतो. केंद्राने २०२४ मध्ये मनोऱ्याखालच्या जागेचा मोबदला वाढवला ही चांगली गोष्ट, पण मनोरा कुठे असावा हे विचारायची सोय अजून नाही. करार मात्र पंचवीस वर्षांचा असतो. देशांच्या सीमा मध्ये आल्या की हीच फट दहापट रुंदावते. दुबळ्याचा आवाज दाबला जातो असे नाही, तो जिथे उमटेल असे ठिकाणच नियोजनात ठेवलेले नसते.

यावर उपाय शोधायला फार लांब जायची गरज नाही, आणि या संग्रहाचे वेगळेपण मला त्यातच दिसते. विदर्भात जमीन महसूल संहितेखाली गावाचे निस्तार पत्रक असते. चराई, सरपण, वाट यांचे सामाईक हक्क त्यात नोंदवलेले असतात. निविदा निघण्याआधी प्रकल्पक्षेत्राचे असे पत्रक ग्रामसभेत तयार झाले तर ‘पडीक’ किती उरेल ते पाहता येईल. हडपसरला मगर मंडळींनी सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांच्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा उभा केला. जमीन विकून मोकळे होण्याऐवजी ते कंपनीचे भागधारक झाले. सौर प्रकल्पात भाड्याऐवजी भागभांडवल का नको? यात जमीन असलेल्याचे भले होते. भूमिहीनाचे काय, याचे उत्तर त्याच पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या नायगावला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरायचा, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. आणि भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. कर्नाटकातल्या पावगडा सौर पार्कमध्ये जमीनमालकाला एकरी वर्षाला २१ हजार रुपये भाडे ठरले, त्याचे देशभर कौतुक झाले, ते योग्यच. त्या तेरा हजार एकरांवर मजुरीला जाणाऱ्यांना काय मिळाले? पाणी पंचायतीचा नियम उन्हाला लावला असता तर या प्रश्नाला उत्तर असते.

या संग्रहात अभियंते आहेत, जमिनीचे कायदे जाणणारे आहेत, चळवळीतले आहेत, आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही. संपादकांनी ते जुळवून घ्यायचा प्रयत्न केलेला नाही, याबद्दल त्यांचे अभिनंदन. काही लेखांतले आकडे वाचताना दमछाक होईल. एक-दोन लेखांत कंपन्यांवरचा राग विश्लेषणाच्या पुढे धावतो, हेही सांगितले पाहिजे. मोठे प्रकल्प नकोतच असे म्हणणारा एक सूर संग्रहात आहे. मला तो मान्य नाही. तापमानवाढीचा पहिला तडाखा माणच्या धनगरालाच बसणार आहे, आणि कोळसा जाळत राहणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय होईल. नव्या वाचकाने मुळशीवरच्या लेखापासून सुरुवात करावी, मग थेट कच्छकडे जावे, मधला जग फिरवून आणणारा भाग नंतर वाचला तरी चालेल. ज्यांना विषय ठाऊक आहे त्यांनी करारांच्या कलमांवरची प्रकरणे चुकवू नयेत. मराठीत या कलमांची इतकी सोपी उकल मी तरी आजवर वाचलेली नव्हती.

पुण्याच्या वाचकाला एक विनंती. वीजदरवाढीच्या प्रस्तावावर हरकती मागवल्या जातात तेव्हा आपण युनिटचा दर, स्थिर आकार आणि वीजगळती यांवर लिहितो. ते लिहायलाच हवे. यापुढे त्याच अर्जात आणखी एक प्रश्न घाला: ही वीज ज्या जमिनीवरून येते, तिथे आधी कोण काय करत होते, आणि करार करताना त्यांना विचारले होते का? आयोगाला आणि महावितरणला हा प्रश्न विचारायला आज कुठलाही कायदा आड येत नाही.